लोखंडी हाताचा खलनायक: हात गेला कुणाचा आणि बदनाम झालं कोण?

मंडळी, आज जरा सिनेमाच्या वाटेनं इतिहासात शिरू. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

१९६२ चा 'डॉ. नो'. जेम्स बाँडचा पहिला सिनेमा. शेवटची मारामारी बऱ्याच जणांना आठवत असेल. अणुभट्टीच्या हौदातलं पाणी उकळतंय. खलनायक डॉ. नो त्यात बुडतोय आणि लोखंडी खांबाला धरून वर यायची धडपड करतोय. पण त्याचे दोन्ही हात धातूचे. ते खांबावरून घसरतात, पकड बसतच नाही. याच हातांनी थोड्या वेळापूर्वी त्यानं धातूची मूर्ती चुरगळून दाखवली होती. ऐन वेळी तेच हात दगा देतात आणि खेळ खलास.

आता अकरा वर्षं पुढे या. १९७३, 'लिव्ह अँड लेट डाय'. इथे टी ही नावाचा गुंड आहे, त्याचा एक हात लोखंडी, पुढे खेकड्याच्या नांगीसारखा चिमटा. रेल्वेच्या डब्यात मारामारी होते. बाँड त्या हाताच्या आतल्या तारा कापतो, चिमटा खिडकीच्या कडीला अडकून बसतो आणि बाँड त्याला उचलून बाहेर फेकतो. माणूस गेला, हात डब्यातच लटकत राहिला!

दोन सिनेमे, दोन खलनायक, आणि दोघांचाही मृत्यू आपल्याच कृत्रिम हातामुळे. हा योगायोग नाही. हा एक साचा आहे. तो कसा तयार झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आज बघायचंय.

आधी मूळ पुस्तक

इयान फ्लेमिंगची 'डॉ. नो' ही कादंबरी १९५८ साली आली. बाँडमालिकेतली सहावी. त्यातल्या डॉ. नोची कहाणी सिनेमापेक्षा वेगळी आहे. बाप जर्मन मिशनरी, आई चिनी. बापानं वाऱ्यावर सोडलेलं पोर. मोठा होऊन तो चिनी गुन्हेगारी टोळ्यांत शिरतो, न्यूयॉर्कला जातो आणि टोळीचंच दहा लाख डॉलरचं सोनं लंपास करतो. टोळी त्याला गाठते. सोनं कुठंय हे तो सांगत नाही, म्हणून त्याचे दोन्ही हात तोडतात आणि छातीत डाव्या बाजूला गोळी घालून निघून जातात. पण याचं हृदय उजव्या बाजूला! तो वाचतो. पुढे हातांच्या जागी पोलादी चिमटे येतात, डोळ्यांत काँटॅक्ट लेन्स येतात, शरीर ताणून उंची वाढवली जाते, नाव बदललं जातं. जमैकाजवळच्या एका बेटावर पक्ष्यांच्या विष्ठेचं खत काढण्याचा धंदा दाखवायला, आणि आतून अमेरिकेची क्षेपणास्त्रं भरकटवण्याचं काम.

सिनेमानं यातलं बरंच बदललं. टोळीनं हात तोडले हे गेलं, किरणोत्सर्गाच्या प्रयोगात हात गेले असं आलं. चिमट्यांच्या जागी काळे धातूचे हात आले. खताचा धंदा मागे पडला, अणुभट्टी पुढे आली. अर्धा चिनी असलेल्या या माणसाचं काम केलं जोसेफ वाइजमन या गोऱ्या, कॅनडात जन्मलेल्या नटानं.

लेखकानं या एका माणसावर काय काय लादलंय ते मोजा. मिश्र रक्त. चुकीच्या बाजूला हृदय. नसलेले हात. खोटे डोळे. वाचकाला एकच गोष्ट सांगायची आहे की हा 'आपल्यातला' नाही. आणि ती सांगायला त्याची कृत्यं पुरेशी नाहीत, म्हणून शरीर कामाला लावलंय.

फ्लेमिंग हे कुठून शिकला? त्याच्या लहानपणी सॅक्स रोमरचा डॉ. फू मांचू इंग्लंडात गाजत होता. पहिलं पुस्तक १९१३ चं. अफाट बुद्धीचा, जगावर राज्य करू पाहणारा चिनी खलनायक. अशा गोष्टींचा तेव्हा पूर होता. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली मासिकं, म्हणून त्यांना नाव पडलं 'पल्प'. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड वाचून मोठी झालेली पिढी आहे, तिला या वाचनाची चटक वेगळी सांगायला नको. एका बैठकीत संपणारी गोष्ट. त्यात खलनायक पहिल्या पानावरच ओळखू यायला हवा. मग स्वभाव उलगडत बसायला वेळ कुणाला? हाताला आकडा लावला, गालावर व्रण काढला, पाय लंगडा केला, की काम झालं.

त्याच्याही आधी

पण मुळात लोखंडी हात म्हणजे खलनायक असं नव्हतं. जर्मनीत गोट्झ फॉन बर्लिशिंगन नावाचा सरदार होऊन गेला. १५०४ साली लँड्सहूटच्या वेढ्यात तोफेच्या माऱ्यात त्याचा उजवा हात गेला. वय विशीतलंच. त्यानं लोखंडी हात करून घेतला, आत स्प्रिंगा आणि खटके. दुसऱ्या हातानं बोटं दाबून वळवायची, खटका बसला की बोटं तशीच राहणार. असा हात घेऊन हा गडी पुढे कित्येक वर्षं लढला आणि १५६२ साली म्हातारा होऊन मेला. माणूस काही संत नव्हता, लुटालूट आणि खंडणी हा त्याचा धंदाच होता. तरी १७७३ साली गटेनं त्याच्यावर नाटक लिहिलं ते नायक म्हणून. लोखंडी हात तिथे शौर्याची खूण होता. ते हात यागस्टहाउझेनच्या किल्ल्यात आजही जपून ठेवलेत.

मग पारडं फिरलं कुठे? एक मोठा टप्पा म्हणजे १९०४. लंडनच्या रंगभूमीवर जे. एम. बॅरीचं 'पीटर पॅन' आलं आणि त्यात आला कॅप्टन हुक. पीटरनं त्याचा हात तोडून मगरीला खाऊ घातलेला, त्या जागी लोखंडी आकडा. गंमत बघा, हात तोडणारा पोरगा नायक आणि ज्याचा तुटला तो खलनायक! शेवटी तीच मगर त्याला गिळते. आणि वर सांगितलेला १९७३ चा टी ही आठवतोय ना? सिनेमात त्याचा हातसुद्धा मगरीनंच नेलेला आहे. फ्लेमिंगच्या १९५४ च्या मूळ कादंबरीत हा गुंड आहे, पण त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत. लोखंडी हात सिनेमावाल्यांनी नंतर चिकटवला. साचा इतका पक्का झालेला की मूळ पुस्तकात नसला तरी आणायचा.

१९२७ साली फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'मध्ये रोटवांग आला. यंत्रमानव घडवताना उजवा हात गमावलेला माथेफिरू शास्त्रज्ञ, त्या हातावर काळा हातमोजा. डॉ. नोच्या काळ्या हातांचं घराणं इथपर्यंत मागे नेता येतं.

आता खऱ्या माणसांकडे

'पीटर पॅन' आणि 'मेट्रोपोलिस' यांच्या मध्ये काय झालं? पहिलं महायुद्ध. एकट्या ब्रिटनच्या ४१ हजारांहून जास्त सैनिकांचा हात किंवा पाय, काहींचे दोन्ही, त्या युद्धात कापावे लागले. त्यांच्यासाठी १९१५ साली लंडनजवळ रोहॅम्प्टनला खास हॉस्पिटल उघडावं लागलं. जर्मनी, फ्रान्स, सगळीकडे हीच गत. म्हणजे युरोपच्या रस्त्यांवर हात नसलेला माणूस दिसणं ही रोजची बाब झाली होती. हा माणूस कोण होता? गावातला शेतमजूर, गिरणीतला कामगार, शाळेतला मास्तर. देशानं हाक दिली म्हणून गेला आणि हात देऊन आला.

त्यांच्यापैकी अनेकांच्या हाताला लागलेला आकडा काय होता, हेही समजून घ्या. १९१२ साली अमेरिकेत डी. डब्ल्यू. डोरन्स यानं दुभंगलेल्या आकड्याचं पेटंट घेतलं. स्वतः हात गमावलेला माणूस. रचना अगदी साधी. आकड्याचे दोन भाग, ते मिटलेले ठेवायला रबराची कडी. आकड्याला जोडलेली तार हातावरून वर जाऊन पाठीवरच्या पट्ट्याला बांधलेली. दुसरा खांदा पुढे ढकलला की तार ताणली जाते आणि आकडा उघडतो. खांदा सैल सोडला की रबर तो मिटवतं. वीज नाही, मोटर नाही. हे तत्त्व शंभर वर्षांनंतर आजही वापरात आहे.

अशा आकड्यानं काय करता येतं? पेन धरता येतं, कप उचलता येतो, शर्टाचं बटण लावता येतं, तेही महिनोन्‌महिने सराव केल्यावर. मूर्ती चुरगळता येत नाही. बंदुकीची नळी वाकवता येत नाही. सिनेमातला लोखंडी हात म्हणजे अचाट ताकद. खऱ्या आयुष्यातला लोखंडी हात म्हणजे घाम, पट्ट्यानं काचलेली काख आणि चिकाटी. कल्पनेनं या माणसांच्या हातून दुहेरी चोरी केली. त्यांचे कष्ट लपवले आणि त्यांची खूण खलनायकाला देऊन टाकली.

दुसरी वाट होती

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. नाही हो. डॉ. नो पडद्यावर यायच्या सोळा वर्षं आधी हॉलिवूडनंच उलटं करून दाखवलं होतं.

हॅरोल्ड रसेल. अमेरिकी सैन्यातला प्रशिक्षक. ६ जून १९४४ ला, म्हणजे तिकडे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरत होतं त्याच दिवशी, इकडे अमेरिकेत प्रशिक्षण सुरू असताना त्याच्या हातात स्फोट झाला. दोन्ही हात गेले. त्यानं आकडे लावून घेतले आणि ते वापरायला शिकला. १९४६ साली 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज' या सिनेमात युद्धावरून परतलेल्या खलाशाचं काम त्याला मिळालं. अभिनयाचा काही अनुभव नसताना. त्यात ना तो राक्षस आहे, ना देव. घरी परतलेला पोरगा आहे, त्याला आईबापाची केविलवाणी नजर सोसवत नाही आणि आपली मैत्रीण दयेपोटी लग्न करतेय की काय ही भीती पोखरतेय. या एका भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले. एका भूमिकेला दोन ऑस्कर मिळालेला दुसरा नट अजून झालेला नाही. पुढे तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या, अपंगांच्या रोजगारासाठीच्या समितीचा अनेक वर्षं अध्यक्ष होता.

आणि याच १९४४ साली आपल्या पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं, सैन्याचं. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी. पुणेकरांना वानवडीच्या बाजूनं जाताना 'आर्टिफिशियल लिंब सेंटर'ची पाटी परिचयाची असेल. ब्रह्मदेशापासून इटलीपर्यंत लढलेल्या आपल्या माणसांचीही ही कथा आहे. फक्त तिच्यावर कुणी मालिका लिहिली नाही.

आपल्याकडचा हिशेब

म्हणजे हे सगळं गोऱ्यांचं पाप, आपण सोवळे, असं समजू नका. मंथरेचं कुबड आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. दूरदर्शनवरच्या 'महाभारता'तला शकुनी लंगडत चालायचा, आणि आजही कपटी म्हटलं की तीच चाल डोळ्यासमोर येते. २००६ च्या 'ओंकारा'त तर खलनायकाच्या नावातच 'लंगडा' आहे.

याउलट उदाहरण 'शोले'चं. १९७५ साली दोन्ही हात गमावलेला ठाकूर हा न्यायाच्या बाजूचा आणि हात तोडणारा धडधाकट गब्बर हा दुष्ट. बॅरीच्या पोराच्या गोष्टीतलं गणित इथे सरळ झालं. पण ठाकूरचं हात नसणं हेही अखेर सूडाचं इंधनच आहे. तो रोजचं आयुष्य कसा जगतो, घास कसा खातो, हे सिनेमा फारसं विचारत नाही.

आणि आपल्याकडे हात जातात कुणाचे? डाकूंमुळे नाही जात. मळणी यंत्रात जातात, कडबा कुट्टीत जातात, कारखान्यातल्या पॉवर प्रेसखाली बोटं जातात, विजेच्या तारेला चिकटून जातात. मळणी यंत्रानं इतके हात घेतले की १९८३ साली केंद्राला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. यंत्र सुरक्षित बनवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर, अपघात झाला तर भरपाई, असं त्यात आहे. तुमच्या गावात किती जणांना हा कायदा माहीत आहे, विचारून बघा. लोखंडी हाताच्या खलनायकाचं नाव मात्र सगळ्यांना पाठ.

इथेच या विषयाचा मुद्दा येतो. ज्याचा हात यंत्रानं खाल्ला तो बळी असतो. गोष्ट त्याच्याच खांद्याला यंत्र लावते आणि त्याला यंत्रासारखा निर्दय ठरवते. मग उद्या तो नोकरीच्या मुलाखतीला गेला, मुलगी बघायला गेला, बसमध्ये शेजारी बसला, की समोरच्याच्या मनात आधी काय येतं? दया, नाहीतर किळस. दोन्हींपैकी एकही त्यानं मागितलेलं नसतं.

बदल होतोय का?

होतोय, हळूहळू. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये नायक ल्यूकचाच हात कापला जातो आणि त्याला यांत्रिक हात बसतो. १९८३ च्या पुढच्या भागात तो रागाच्या भरात बापाचा हात तोडतो, बापाचाही हात यांत्रिक निघतो, मग तो स्वतःच्या हाताकडे बघतो आणि थांबतो. चांगला प्रसंग आहे. पण बारकाईनं बघितलं तर तिथेही अर्थ तोच: यांत्रिक हात म्हणजे दुष्टपणाकडे सरकण्याची खूण.

२०१८ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं जाहीर केलं की खलनायक दाखवायला चेहऱ्यावरचे व्रण वापरणाऱ्या सिनेमांना पैसे देणार नाही. २०२० साली 'द विचेस' सिनेमात चेटकिणींना कमी बोटांचे हात दाखवले. मूळ पुस्तकात तसं नव्हतं. जन्मतः तसेच हात असलेल्या लोकांनी आणि पॅरालिंपिक खेळाडूंनी आवाज उठवला. स्टुडिओला आणि मुख्य नटीला माफी मागावी लागली.

आणि आपल्याकडे ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आला. 'आँख मिचोली' या हिंदी सिनेमावरून निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले होते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात पडद्यावर अपंगत्व कसं दाखवावं याची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. हिणवणारे शब्द नकोत, साचेबंद चित्रण नको, वैद्यकीय माहिती खरी हवी आणि निर्णय घेताना अपंग व्यक्ती त्यात सामील हव्यात. न्यायालयानं विनोदावर सरसकट बंदी घातली नाही. कुणाला कमी लेखणारा विनोद आणि समज वाढवणारा विनोद यातला फरक करायला सांगितला. आणि खिल्लीच्या दुसऱ्या टोकाचं 'अचाट दिव्यांग' हे चित्रही नको असं बजावलं.

मग काय, 'डॉ. नो' बघायचाच नाही?

बघा की. मजेत बघा. जुना सिनेमा जाळून कुणाचं भलं होत नाही. आणि हात नसलेला माणूस खलनायक असूच नये असंही कुणी म्हणत नाहीये. तोही माणूस आहे, लबाड असू शकतो, लोभी असू शकतो. फक्त बघताना तीन प्रश्न मनात ठेवा. याचा दुष्टपणा त्याच्या कृत्यातून दिसतो की शरीरातून? या गोष्टीत तसाच दुसरा एखादा साधा, चारचौघांसारखा माणूस आहे का? आणि ही गोष्ट लिहिताना, दाखवताना तशा एखाद्याला कुणी विचारलं होतं का? 'डॉ. नो' तिन्हींत नापास. रसेलचा सिनेमा तिन्हींत पास, आणि तो आधीचा आहे.

विशेषतः घरात पोरं असतील तर हे प्रश्न त्यांच्याशी बोला. कारण त्यांच्या वर्गात एखादा मुलगा असतोच, ज्याला मधल्या सुट्टीत 'ए हुक' म्हणून हाक मारली जाते.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचा सचिन खिलारी शाळेत असताना पडला, हाताला गँगरीन झालं, हात कायमचा अधू राहिला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यानं १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं. पण पदक आणलं म्हणूनच मान द्यायचा असंही नाही. पदक न आणणारे, कुट्टीत हात गेल्यावर दुसऱ्या हातानं म्हशीची धार काढायला शिकलेले कितीतरी जण आपल्या आसपास आहेत. त्यांना ना खलनायक करायची गरज आहे ना देवमाणूस. नावानं हाक मारली आणि काम दिलं तरी पुष्कळ.

पटलं तर पुढे पाठवा. आणि तुमच्या गावातल्या मळणी यंत्राला जाळी बसवलीय का, तेवढं या हंगामाच्या आधी बघून घ्या.